संशयाचं माप

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, परभणीत सायकल शर्यतीवर व्याख्यान कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सायकल म्हणजे खेड्यावरून शाळेला येणाऱ्या मुलींची, नाहीतर दूध घालणाऱ्याची. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण कौतुकानं म्हणत असलो, तरी फ्रान्समधल्या सायकल शर्यतीशी आपला संबंध टीव्हीपुरताच. पण मला खरं म्हणजे सायकलीवर बोलायचंच नाही. मला संशयावर बोलायचं आहे. आणि संशय कसा काम करतो हे पाहायचं असेल, तर व्यावसायिक सायकलपटूंसारखं उदाहरण शोधून सापडणार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट पाहायला नको. संशय घेणं वाईट नाही. पण आपल्या माणसासाठी एक माप आणि परक्यासाठी दुसरं, हे वाईट. त्यात परक्यावर अन्याय होतो हे तर आहेच. त्याहून मोठं नुकसान आपलं होतं, कारण खरं काय ते आपल्याला कधीच कळत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. टूर दी फ्रान्स ही शर्यत 1903 साली सुरू झाली. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, आणि त्यात आल्प्स, पिरेनीजचे घाट. माणसाच्या शरीराला हे झेपतं कसं, असा प्रश्न पडावा अशीच ही शर्यत आहे. 13 जुलै 1967 रोजी टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू मों व्हाँटू नावाचा डोंगर चढताना कोसळला आणि मेला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक सापडलं. 1998 साली फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठाच पकडला गेला. त्यात 'ईपीओ' होतं. हे द्रव्य रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं; पेशी वाढल्या की स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो आणि दम टिकतो. पुढे लान्स आर्मस्ट्राँग आला. 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं जिंकला. 2012 मध्ये ती सातही विजेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी 2013 मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली.

तेव्हा सायकलपटूवर लोक संशय घेतात याला कारण आहे. ते मी नाकारत नाही. प्रश्न पुढचा आहे. तोच संशय, तेवढ्याच मापाने, आपण सगळ्यांवर घेतो का?

आता दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवू.

पहिलं प्रकरण स्पेनचं. आल्बेर्तो कोंतादोर 2010 ची टूर जिंकला. त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे प्रतिबंधित द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात सापडलं. तो म्हणाला, मी खाल्लेल्या गोमांसातून ते आलं असेल, माझा दोष नाही. स्पेनच्या सायकल महासंघाने 2011 मध्ये त्याला निर्दोष ठरवलं. मग प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे गेलं. लवादाने फेब्रुवारी 2012 मध्ये दोन वर्षांची बंदी घातली आणि विजेतेपद गेलं. तेव्हा आपल्यापैकी ज्यांनी ही बातमी वाचली, ते काय म्हणाले असतील? "मांसातून आलं म्हणे! पकडलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो." आणि स्पेनच्या महासंघाबद्दल? "घरचेच न्यायाधीश, ते सोडणारच."

दुसरं प्रकरण आपलं. नरसिंग यादव. 2011, 2012 आणि 2013 असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. मुंबईत वाढलेला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. 2015 मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत 74 किलो गटात त्याने कांस्यपदक मिळवलं आणि त्यामुळे भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळाली. सुशील कुमारने निवड चाचणी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2016 मध्ये ती मागणी फेटाळली. आणि मग बातमी आली, की 25 जूनला घेतलेल्या नरसिंगच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. नरसिंग म्हणाला, सोनीपतच्या शिबिरात माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं. त्याच्या खोलीत राहणाऱ्या पैलवानाच्या नमुन्यातही तेच द्रव्य होतं, त्यामुळे या म्हणण्याला वजन आलं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या, समितीने 1 ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. मग जागतिक संस्था, 'वाडा' (आपल्या गावातला चौकाचा वाडा नव्हे), लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मिसळण्याच्या कटाचा ठोस पुरावा समोर आला नाही, आणि शक्यता तोलून पाहता पैलवानाने ते द्रव्य गोळीच्या रूपात, एकाहून अधिक वेळा, जाणूनबुजून घेतलं असावं, असा लवादाचा निष्कर्ष होता.

आता सांगा, या दोन प्रकरणांच्या सांगाड्यात फरक काय आहे? दोघांच्या शरीरात द्रव्य सापडलं. दोघेही म्हणाले, नकळत आलं. दोघांनाही देशातल्या संस्थेने सोडलं. दोघांनाही लवादाने धरलं. पण आपल्या तोंडून निघालेली वाक्यं मात्र उलटी होती. "घरचेच न्यायाधीश" हे वाक्य नाडाबद्दल कुणी म्हणालं नाही. उलट, परदेशी लवादाला आपली परिस्थिती काय कळणार, असं म्हणालो. कट कुणी केला असेल, हेसुद्धा चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं. म्हणजे नरसिंगवरचा संशय उचलला आणि पुराव्याशिवाय दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला.

मी इथं नरसिंगने औषध घेतलं की नाही, याचा निकाल देत नाही. तो माझा अधिकार नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की कोंतादोरचं मांस हे 'बहाणा' आणि नरसिंगचं जेवण हा 'खुलासा', असं आपण पुरावा पाहण्याआधीच ठरवलं होतं. शब्द निवडला तिथंच निकाल झाला.

तुम्ही म्हणाल, "सर, आपल्या माणसाची बाजू घेणं स्वाभाविकच आहे." आहे ना. पण गंमत अशी, की आपल्या माणसांतही आपण एकच माप वापरत नाही. आता क्रिकेटकडे वळू.

2019 मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ याचं प्रकरण झालं. 22 फेब्रुवारीला इंदूरला स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला होता. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधातून नकळत गेलं, असा खुलासा झाला. क्रिकेट मंडळाने तो मान्य केला आणि आठ महिन्यांचं निलंबन दिलं. निर्णय जाहीर झाला 30 जुलैला, पण निलंबन मोजलं 16 मार्चपासून. त्याच मार्च ते मे या काळात तो आयपीएलचे सामने खेळला होता! म्हणजे खेळून झालेले दिवस शिक्षेत जमा झाले. तेव्हा भारतीय क्रिकेट नाडाच्या कक्षेत नव्हतं. मंडळच चाचणी करवून घेणार, मंडळच सुनावणी करणार, मंडळच शिक्षा देणार. आठवडा-दीड आठवड्यात, 9 ऑगस्टला, मंडळाने नाडाची कक्षा मान्य केली.

याच्या शेजारी क्रिस फ्रूम ठेवा. ब्रिटिश सायकलपटू, चार वेळा टूर जिंकलेला, दम्याचा त्रास असलेला. 2017 च्या स्पेनमधल्या शर्यतीत त्याच्या लघवीत साल्ब्युटामोल मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे दम्याचं औषध आहे, टर्ब्युटालिनच्याच कुळातलं. फुप्फुसाच्या नळ्या मोकळ्या करणारं. फुंकून घ्यायला परवानगी आहे, पण मर्यादेत. मर्यादा 1000 नॅनोग्रॅम, अहवालातला पहिला आकडा 2000 च्या घरातला. पुढच्या तपासानंतर जुलै 2018 मध्ये सायकल महासंघाने वाडाच्या सल्ल्याने प्रकरण बंद केलं. फ्रूम दोषी ठरला नाही. पण रस्त्याकडेच्या लोकांनी काय केलं? शिट्ट्या, शिव्या. या प्रकरणाच्या आधीच, 2015 साली, त्याच्या अंगावर कुणीतरी लघवी फेकली होती.

दोघांचं औषध एकाच कुळातलं. एकाला निलंबन झालं, तरी लोक म्हणाले, "लहान पोरगं आहे, खोकल्याचं औषध घेतलं, त्यात काय?" दुसऱ्याला निलंबन झालं नाही, तरी लोक म्हणाले, "सायकलवाला आहे, चोरच असणार."

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सगळी द्रव्यं सारखी नसतात. टर्ब्युटालिनसारखी औषधं साध्या आजारपणात सहज शरीरात जाऊ शकतात, म्हणून नियमातच त्यांच्यासाठी शिक्षा कमी करायला जागा आहे. मेथँडिएनोन खोकल्याच्या बाटलीत नसतं. म्हणून शॉला महिने आणि नरसिंगला वर्षं, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. भेदभाव शोधायचा तर सारख्या प्रकरणांत शोधावा. शॉ आणि फ्रूम, कोंतादोर आणि नरसिंग, अशा जोड्या मी लावल्या त्या यासाठीच.

मग आपलं माप सरकतं कुठं? माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण जवळिकीचं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2018 साली त्याची वेळ होती 8 मिनिटं 29.80 सेकंद. 2024 मध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंद. सहा वर्षांत वीस सेकंद. आपण याला मेहनत म्हणतो, आणि तसंच म्हणायला हवं. त्याच्यावर संशय घ्यावा असं काहीही नाही. सैन्यातली नोकरी, दुष्काळी भागातलं बालपण, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. पण परदेशातल्या एखाद्या अनोळखी धावपटूने हेच केलं, की आपण भुवया उंचावतो. का? कारण त्याचा घाम आपण पाहिलेला नसतो. म्हणजे आपला विश्वास पुराव्यातून येत नाही, ओळखीतून येतो. आणि जगातल्या बहुतेकांसाठी साबळेच अनोळखी आहे, हे आपण विसरतो.

दुसरं ठिकाण खेळाच्या नावाचं. 2006 साली स्पेनच्या पोलिसांनी युफेमियानो फुएंतेस या डॉक्टरकडे छापे घातले. खेळाडूंच्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या. शर्यतीआधी आपलंच साठवलेलं रक्त परत चढवायचं, असा तो प्रकार. यान उलरिच, इव्हान बासो अशा सायकलपटूंना त्या वर्षीच्या टूरमधून लगेच बाहेर काढलं गेलं. पण डॉक्टरने न्यायालयात सांगितलं, की माझ्याकडे इतर खेळांचेही खेळाडू येत होते. ती नावं? 2013 मध्ये न्यायाधीशांनी पिशव्या नष्ट करायला सांगितल्या. 2016 मध्ये वरच्या न्यायालयाने त्या तपासासाठी द्या म्हटलं, तोवर दहा वर्षं उलटली होती. सायकलपटूंची नावं जगाला पाठ झाली, बाकीचे अंधारात राहिले.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं आहे. जो तपासला जातो तोच सापडतो. सायकल महासंघाने 2008 पासून खेळाडूंच्या रक्ताची कायमची नोंदवही सुरू केली. त्याला जैविक पारपत्र म्हणतात. खेळाडूचं रक्त त्याच्याच जुन्या रक्ताशी ताडून पाहायचं. शिवाय निवडक खेळाडूंना रोजचा एक तास आपण कुठं सापडू, हे आधी कळवावं लागतं. बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली तर तोच गुन्हा. आपल्या क्रिकेट मंडळाने 2009 मध्ये याच अटीला सुरक्षेचं आणि खासगीपणाचं कारण देऊन विरोध केला होता. आता विचार करा. एका घराची रोज झडती होते, दुसऱ्या घराची कधीच नाही. चोरीचा माल पहिल्याच घरात सापडणार! त्यावरून पहिलं घर चोरांचं आणि दुसरं साधूंचं, असं म्हणणं हे तर्कशास्त्र नव्हे.

हे उदाहरण मी उगाच दिलं नाही. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, तो कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पहिली चौकशी पारध्याच्या पालावर, हे अजून गेलेलं नाही. लक्षाधीश सायकलपटूचं आणि पारध्याचं दुःख मी सारखं म्हणत नाही. तसं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल. पण विचाराची चूक एकच आहे. गटाची कीर्ती पाहून व्यक्तीचा निकाल लावायचा. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. देवाचं पदक हरवलं, आणि आळ आला तो दासीवर. तिला सुळावर द्यायला निघाले. आख्यायिकेत सुळाचं पाणी झालं. प्रत्यक्षात सुळाचं पाणी होत नसतं, म्हणून आळ घेण्याआधी विचार करावा लागतो.

मग काय, कुणावर संशयच घ्यायचा नाही? नाही, तसंही नाही. आर्मस्ट्राँगचं प्रकरण नेमकं उलटा धडा देतं. 1999 च्या शर्यतीत त्याच्या नमुन्यात एका स्टेरॉइडचा अंश सापडला होता. त्वचेला लावायच्या मलमाची चिठ्ठी दाखवली, आणि ते मिटलं. कॅन्सरमधून उठून आलेला माणूस. त्याच्यावर संशय घेणं लोकांना पाप वाटत होतं. त्याच वर्षी क्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच सायकलपटू डोपिंगविरुद्ध वर्तमानपत्रात लिहीत होता. त्यालाच सहकाऱ्यांनी वाळीत टाकलं, आर्मस्ट्राँगने त्याला शर्यत सोडून जा म्हणून सुनावलं, आणि तो गेला. म्हणजे कमी संशय घेतल्यानेही अन्याय होतो. तो स्वच्छ खेळणाऱ्यावर होतो, आणि त्याचं नाव कुणाला आठवत नाही.

इथं आपल्या परंपरेतलं न्यायदर्शन कामाला येतं. गौतमांच्या न्यायसूत्रांत सोळा विषय सांगितले आहेत. त्यात तिसरा आहे संशय आणि नववा आहे निर्णय. अंधारात दूर काहीतरी उभं दिसतं; तो खांब आहे की माणूस? हा संशय. न्यायदर्शन संशयाला दोष मानत नाही. चौकशी सुरू होण्याचं ते कारण मानतं. पण तिसऱ्यावरून उडी मारून नववा गाठता येत नाही. मध्ये प्रयोजन आहे, दृष्टान्त आहे, सिद्धान्त आहे, अनुमानाचे अवयव आहेत, तर्क आहे. आपण करतो काय? सायकलपटू असेल तर संशयालाच निर्णय म्हणतो. आपला पैलवान असेल तर संशय येऊच देत नाही. दोन्हीकडे मधल्या पायऱ्या वगळल्या जातात, म्हणजे चौकशीच वगळली जाते.

व्यवहारात काय करायचं, ते सांगतो. बातमी आली की आधी नाव बदलून पाहा. नरसिंगच्या जागी रशियन मल्ल, शॉच्या जागी पाकिस्तानी गोलंदाज, फ्रूमच्या जागी साताऱ्याचा सायकलपटू. आपलं मत बदललं, तर ते मत पुराव्यावर उभं नव्हतं. दुसरं, स्वतःला विचारा, की कोणती गोष्ट समोर आली तर माझा संशय फिटेल? चाचणीत सापडला तर "बघा, म्हटलं होतं", आणि नाही सापडला तर "हुशार आहे, लपवलं", असं असेल, तर तो संशय नव्हे. तो हट्ट आहे. तिसरं, नियम काय विचारतो ते समजून घ्या. डोपिंगच्या नियमात शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसं आलं, हे त्यानेच दाखवायचं. हा नियम कठोर आहे, पण तो स्पॅनिश आणि मराठी शरीराला सारखाच लागतो.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात जवळचा. वाडाच्या 2022 च्या आकडेवारीत भारताच्या 3865 नमुन्यांपैकी 125 दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. आता आपण सायकलपटूंना जे माप लावतो, तेच जगाने आपल्याला लावलं तर? "भारतीय आहे ना, मग घेतलंच असेल." तेव्हा आपण काय म्हणू? "प्रत्येकाचं वेगळं पाहा हो, सगळ्यांना एका माळेत ओवू नका." बरोबर. तेच आज दुसऱ्यासाठी म्हणायला शिकलं पाहिजे.

आणि हे फक्त ऑलिंपिकपुरतं नाही. पहाटे पाच वाजता जिंतूर रोडला जा, वसमत रोडला जा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतील. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. एखादी पोरगी बाकीच्यांच्या पुढे निघाली, की काठावर कुजबुज सुरू होते, "काहीतरी घेत असेल." आणि व्यायामशाळेत लेबल नसलेली पावडर विकणारा मात्र सगळ्यांचा लाडका 'सर' असतो, त्याला कुणी विचारत नाही, की डब्यात काय आहे. संशय चुकीच्या ठिकाणी जातो आणि जिथं जायला हवा तिथं पोचत नाही. त्या पोरीला विनाकारण बोल लागतो, आणि पावडर खाणाऱ्या पोराचं यकृत जातं.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझं सांगणं आहे. डब्याबद्दल विचारा. औषधाची चिठ्ठी मागा. सगळ्यांना विचारा, आपल्या पोरालाही विचारा, आणि सारख्याच आवाजात विचारा. उत्तर मिळेपर्यंत कुणाला चोर म्हणू नका, आणि उत्तर मिळाल्यावर आपला आहे म्हणून झाकूही नका.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.